सत्तेचाळीस तारांचा पहारा

चंद्रभानबापूंच्या दारावरून जाताना हात मोकळे ठेवू नयेत, हे आमच्या ताडकळसच्या गल्लीला गेल्या पौषापर्यंत समजून चुकलं होतं. हातात पिशवी असावी, घागर असावी, निदान दुसऱ्याचं लेकरू तरी असावं. मोकळ्या हाताचा माणूस दिसला, की ओसरीवर उभे असलेले बापू त्याला मानेनं जवळ बोलवायचे, कमरेतून वाकून नमस्कार करायचे आणि वाजत असलेला मोबाइल त्याच्या तळहातावर ठेवायचे. मग बापू बाजेवर बसायचे आणि तो माणूस उभा राहायचा. किती वेळ? आतलं वाजणं संपेपर्यंत.

गॅसची टाकी आणणारा चार मिनिटं उभा राहिला. विम्याचे एक एजंट सात मिनिटं उभे राहिले, आणि त्या सात मिनिटांत बापूंनी त्यांना विम्याबद्दल एक अक्षर बोलू दिलं नाही. एजंट पुन्हा गल्लीत आले नाहीत. या संगीताचा गल्लीला झालेला पहिला फायदा हाच. मी एकदा कोथिंबीर आणायला निघालो होतो. त्या दिवशी आमच्या घरी वरण बिनकोथिंबिरीचं झालं, आणि कारण सांगितल्यावर घरात कुणी विश्वास ठेवला नाही.

वाजत असायचा तो हार्प. आता ताडकळसमध्ये हार्प कुठून आला, आणि तो एका माळकरी शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये कसा शिरला, हे सांगायचं तर आधी आमच्या सप्त्याचं सांगावं लागेल.

हनुमान जयंतीला आमच्या गावचा सप्ता संपतो. सात दिवस, सात रात्री देवळापुढच्या मंडपात वीणा उभी असते. ती जमिनीला टेकवायची नाही आणि गप्पही करायची नाही. दोन दोन तासांचे पहारे लावलेले असतात. एकानं दुसऱ्याच्या पाया पडायचं, दुसऱ्यानं पहिल्याच्या, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जायची. कुणाचा पहारा किती वाजता, ते देवळाबाहेरच्या काळ्या फळ्यावर लिहिलेलं असतं. त्यात ‘दुपारी २ ते ४’ या ओळीपुढं चौतीस वर्षं एकच नाव होतं.

बापू तरुणपणी भजनात बसायचे. आवाज मोठा होता, पण तो कुठल्याच स्वराला बांधील नव्हता. बापूंनी तोंड उघडलं की पेटीवाला आपली पेटी बिघडली का ते बघायचा. शेवटी तेव्हाच्या म्हाताऱ्या महाराजांनी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, “चंद्रभान, देवानं तुला पाय लय चांगले दिलेत. तू वीणा धर.” कुणाचाही अपमान न करता भजन वाचवण्याची ही रीत मला फार आवडते.

पायांची पारख झाल्यावर पहारा मिळाला तोही कुणाला नको असलेला. चैत्राचं ऊन, वर पत्रा, पोटात पंगतीचं जेवण. दोन वाजले की भजनी मंडळ एकेक करून खांबाला टेकतं, मृदंगावर हात असतो पण तो विसाव्याला. अशा वेळी सगळ्या सप्त्याचा भार एका माणसावर येतो. बापूंनी तो चौतीस वर्षं वाहिला. चार एकरांत तूर आणि कापूस घेणारा, बोलायला कमी, कुठल्या पुढारपणात नाही असा हा माणूस. पण गावात त्यांना विचारायचं असलं तर ‘दोन ते चारवाले बापू’ म्हटलं की पुरे.

मागच्या सप्त्यात पाचव्या दिवशी बापूंनी खांबाला पाठ लावली. तेव्हाच आम्हाला कळलं, की उजवा गुडघा संपला. दिवाळीनंतर परभणीला वाटी बदलली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, काही शंका आहे का. बापूंची एकच शंका होती.

“हनुमान जयंतीला उभा राहीन का?”

“बापू, चालाल, फिराल, शेतात जाल.”

“चालायचं न्हाई साहेब. उभं राहायचंय. दोन घंटे. हालायचं न्हाई.”

डॉक्टर म्हणाले, बघू. डॉक्टरांचा ‘बघू’ काय असतो हे एकाहत्तर वर्षांच्या माणसाला समजतं. तेव्हापासून त्या घरात दुसरा विषय नव्हता. यंदा फळ्यावर नाव राहतं का नाही, एवढंच.

व्यायामासाठी त्यांना श्रद्धा डॉक्टरांकडं पाठवलं. गुडघ्यांचा दवाखाना, आणि तो पहिल्या मजल्यावर. डॉक्टरबाई म्हणतात, जो चढून येतो तो अर्धा बरा असतोच. तिथं पाय मशीनवर ठेवतात आणि मशीन तो हळूहळू दुमडते. त्या वेळी माणसाला आपल्या आईची फार आठवण येते, आणि ती मोठ्यानं येते. म्हणून श्रद्धा डॉक्टर तिथं हार्प लावून ठेवतात. पुण्याला शिकत असताना त्यांनी एका म्हाताऱ्या पारशी बाईंचा खांदा बरा केला होता; त्या बाईंनी जाताना डबाभर तबकड्या दिल्या. सगळ्या हार्पच्या. चारशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या कुठल्या दरबारांतल्या गतींपासून ते अडीचशे वर्षांपूर्वीच्या, अख्ख्या वाद्यवृंदासोबतच्या मोठ्या रचनांपर्यंत. डॉक्टरबाईंचा अनुभव असा, की हार्प चालू असला की पेशंट ओरडतो, पण जरा बेतानं ओरडतो.

बापू ओरडले नाहीत. पाय मशीनवर, डोळे छताला, आणि म्हणाले, “मॅडम, ही वीणा कुणाच्या गळ्यात हाय?”

डॉक्टरबाईंनी फोटो दाखवला. बापूंनी तो लांब धरला, जवळ धरला.

“ही तर बाज हाय. अर्धी इणलेली, अन उभी केलेली.”

“सत्तेचाळीस तारा आहेत आजोबा.”

“सत्तेचाळीस!” बापूंना मशीनचा विसर पडला. “आमी चार तारांवर चौतीस वर्सं काढली. ह्यांचा सप्ता किती दिसांचा आसतो?”

“सप्ता नसतो. आणि यात तार बोटानं दाबायची नसते बरं का. प्रत्येक स्वराला आपली वेगळी तार. नुसती छेडायची.”

“म्हंजे आमच्यावानीच की!” बापू समोर बसलेल्या चतुराबाईंना म्हणाले. चतुराबाई म्हणजे त्यांच्या मंडळी. “ऐकलं का? दाबत न्हाईत. छेडत्यात निसतं.”

चतुराबाई म्हणाल्या, “तुमचा पाय दुमडायलाय तिकडं बगा.”

नातं जुळलं होतं. तेवढ्यात बापूंना फोटोत खाली काहीतरी दिसलं. “अन हे?”

“पायानं दाबायच्या सात कळा. स्वर चढवायला, उतरवायला.”

बापूंचा मशीनवरचा पाय आखडला. डॉक्टरबाईंना वाटलं, गुडघा. पण दुखलं होतं दुसरीकडंच.

“वीणेला पाय लावत्यात?”

दुसरी एखादी डॉक्टर हसली असती. श्रद्धा डॉक्टरांनी जरा विचार केला आणि सांगितलं, की फार जुन्या काळी जे हार्प होते त्यांना पायाच्या कळा नव्हत्या. सगळं हातानंच. माझ्याकडं तसेही खूप आहेत. मग त्यांनी संगणकात बसून डब्यातल्या सगळ्या संगीताच्या दोन वाटण्या केल्या: पायवाली आणि बिनपायाची. बिनपायाची एका कार्डात भरून बापूंना दिली.

जुन्या हार्पसंगीताचे शौकीन जगभर असतील. कुणाला त्यातला साधेपणा आवडत असेल, कुणाला त्या तारांचा ओलावा. पण केवळ पायाच्या सोवळ्यापायी जुन्या संगीताकडं वळलेला रसिक बहुधा एकटा आमचा बापूच असावा. तसं म्हटलं तर त्या जुन्या हार्पांच्या तारा कशाच्या वळत, हे डॉक्टरबाईंनी मला नंतर खासगीत सांगितलं. त्यांनी ते बापूंना सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. मेंढीचा त्यात काही संबंध होता एवढंच लिहितो, आणि हे पान बापूंच्या हाती पडणार नाही अशी व्यवस्था करतो.

डॉक्टरबाईंनी व्यायाम सांगितला: रोज काही न धरता उभं राहायचं. रोज थोडं जास्त. घड्याळ बघून उभं राहणं बापूंना जमेना. दर अर्ध्या मिनिटाला घड्याळाकडं बघायचे आणि घड्याळ बंद पडलंय म्हणायचे. तेव्हा बाई म्हणाल्या, “मग असं करा आजोबा, एक गत लावायची आणि ती संपेपर्यंत उभं राहायचं.”

आपण कुठल्या कायद्यात पाऊल टाकतोय, याची त्या बिचारीला कल्पना नव्हती. कारण वाजती वीणा मध्येच बंद करता येत नाही. मनाई आहे. मग ती मंडपात असो की मोबाइलात.

बापू रोज दोनला हातपाय धुऊन, चपला काढून, ओसरीवर पूर्वेला तोंड करून उभे राहू लागले. मोबाइल दोन्ही हातांत, छातीशी. सुरुवातीला दोन मिनिटांची एक नाचाची गत होती. तीही पुरी व्हायची नाही. गुडघा थरथरू लागला की बापू इकडंतिकडं बघायचे. बंद करता येत नाही, खाली ठेवता येत नाही. द्यायला हवा. कुणाला? जो दिसेल त्याला. आता कोथिंबिरीचा उलगडा झाला असेल.

सगळ्यात जास्त पहारे पडले ते अर्थात चतुराबाईंवर.

“अवो, माज्या हाताला पीठ हाय!”

“मनगटावर घे. पर घे.”

“अन चुलीवर तवा?”

“तवा काय जमिनीला टेकणार हाय का? घे.”

एकदा गत रंगात आली असताना फोन वाजला आणि तारा बंद पडल्या. पूर्ण्याहून मुलगा बजरंग बोलत होता. तो टेम्पो चालवतो.

“बाबा, टमाटे स्वस्त हायेत. आणू का एक क्यारेट?”

“बजरंग,” बापू थंड आवाजात म्हणाले, “तुज्या टमाट्यानं वीणा खाली आली.”

बजरंगला काही कळलं नाही, पण टोमॅटो आणण्याची त्याची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी बापूंनी मोबाइलातलं सिम काढून चतुराबाईंच्या बटव्यात टाकलं. तेव्हापासून त्या यंत्राला वाजण्यापलीकडं काम उरलं नाही.

गतींची खरी नावं इंग्रजीत, फ्रेंचात कशात कशात होती. बापूंनी आपली नावं ठेवली. एक ‘घामाची’. एक ‘भिंतीची’, कारण तिच्यात तिसऱ्या मिनिटाला हात आपोआप भिंतीकडं जायचा. आणि एक साडेसहा मिनिटांची, फार संथ, विहिरीत थेंब पडावेत तशी सुटी सुटी वाजणारी; ती ‘तिची’. म्हणजे चतुराबाईंची. त्या गतीत चौथ्या मिनिटाला हमखास पाय जायचा आणि उरलेली अडीच मिनिटं चतुराबाईंच्या हातात यायची. महिनाभर रोज. त्या गतीचा शेवट त्यांनी इतक्यांदा ऐकला, की भाकरी थापतानाही त्यांचा हात त्या चालीनं पडायचा.

माघात एके दिवशी बापू पूर्ण साडेसहा मिनिटं उभे राहिले. गत संपली तरी उभेच. आनंदानं त्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं, तर दारात चतुराबाई हात पुसून तयार उभ्या होत्या, आणि चेहरा काही आनंदी दिसेना.

“काय झालं? उभा राहिलो की पुरा!”

“ते झ्याक झालं,” चतुराबाई म्हणाल्या. आणि जरा थांबून, “पर माजा वाटा गेला.”

दुसऱ्या दिवशी चौथं मिनिट आलं. गुडघा खणखणीत होता. बापूंनी मान वळवली, चतुराबाईंना जवळ बोलवलं, वाकले आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. म्हणाले, “पाय थरथरायलाय.” मी समोर माझ्या दारात उभा होतो. पाय मुळीच थरथरत नव्हता.

याच महिन्यात अण्णासाहेब आले. अण्णासाहेब म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि सप्ता समितीचे प्रमुख. मनात अवघड गोष्ट घेऊन आले होते, त्यामुळं हात रिकामे आहेत याकडं त्यांचं लक्ष राहिलं नाही. ‘बापू’ म्हणून सुरुवात करतायत तोच मोबाइल तळहातावर आला. अण्णासाहेबांनी हजारो मुलांना उभं केलेलं; त्यांना उभं करणारा पहिल्यांदाच भेटला. चपला काढून पाच मिनिटं उभे राहिले. वीणा हातात असताना बोलायचं नसतं, त्यामुळं मनातलं मनातच ठेवून उभे राहिले. संपल्यावर बसले, पाणी प्याले.

“बापू, यंदा दोन ते चार योगीराजला द्यावं म्हणतो. खतांच्या दुकानाचा. पोरगा तरणा आहे, निर्व्यसनी आहे.”

बापूंनी विचारलं, “फळा लिवला का?”

“नाही अजून. पाडव्याला लिहू.”

“म्हंजे टाइम हाय.”

“बापू,” अण्णासाहेब खाली बघत म्हणाले, “वीणा पडली तर सप्त्याला खंड पडतो. गाव काही बोलणार नाही तुम्हाला. पण तुम्ही स्वतःला सोडणार नाही. चौतीस वर्षं ज्यानं पाडली नाही त्याच्या हातून पस्तिसाव्या वर्षी पडली, तर मला बघवणार नाही हो ते.”

दुश्मनीनं म्हटलं असतं तर बापू भांडले असते. हे मायेनं म्हटलेलं होतं, त्यामुळं काही चालेना.

“किती उभा राहिलो तर नाव ठिवता?”

“एक तास तरी. माझ्यासमोर. कुणाच्या हातात न देता.”

“मंजूर,” बापू म्हणाले.

मंजूर तर झालं, पण अडचण निराळीच निघाली. बिनपायाच्या हार्पची सगळ्यात लांब गत अकरा मिनिटांची. जुने लोक छोटं छोटंच वाजवायचे. डॉक्टरबाईंचं म्हणणं, तुकडे जोडून उपयोग नाही; जुनी गत विझत विझत संपते, आणि त्या शांततेत तुम्ही पाय बदलता, मला माहीत आहे. लांब, सलग असं हवं. आणि लांब, सलग असं सगळं होतं दुसऱ्या वाटणीत. चोवीस मिनिटांची एक मोठी रचना होती, मागं सारंगीसारख्या पंचवीस-तीस वाद्यांचा ताफा, पुढं एक बाई हार्पवर. आणि पाय चालू.

बापू म्हणाले, न्हाई.

तीन दिवस न्हाईच होतं. अकरा मिनिटांवर गुडघा अडून बसला आणि मालकही. चौथ्या दिवशी चतुराबाई तूर निवडता निवडता म्हणाल्या, “तुमच्या आंगातला सदरा कुणी शिवला?”

“टेलरनं.”

“कशावर?”

“मशीनीवर.” मग पुढं काय येतंय ते बापूंच्या ध्यानात आलं. “ते येगळं हाय.”

“काय येगळं? पायानं हाणून शिवला. तोच घालून द्येवळात जाता. काढा बरं सदरा.”

“सदरा म्हंजे वीणा न्हाई.”

“मंग ती बाई बी काय लाथा न्हाई मारायली. तिचं काम हाय ते. पाय धुऊन बसत आसंल.”

संध्याकाळी बजरंगच्या फोनवरून बापूंनी दवाखान्यात फोन लावला. श्रद्धा डॉक्टरांच्या हातात कुणाची तरी मान होती; त्यांनी ती तशीच धरून फोन घेतला.

“मॅडम, ती वाजवणारी बाई आधी पाय धुती का?”

डॉक्टरबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. “धुतच असणार आजोबा. नाहीतर इतकं स्वच्छ वाजेल का?”

हे वैद्यकशास्त्रात कुठं बसतं ते मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवसापासून चोवीस मिनिटांची गत सुरू झाली. कान देऊन ऐकलं तर त्या रेकॉर्डिंगमध्ये मधूनमधून एक दबका धप् असा आवाज येतो. तारांचा नव्हे, कळ दाबल्याचा. पहिले काही दिवस तो आला की बापू डोळे मिटायचे. पंधराएक दिवसांनी मला म्हणाले, “गुर्जी, ही बाई बसूनच वाजवती म्हणं. पर मोजलं का तुमी? येवढ्या येळंला धा-बारा खेपा पाय हालवती. तिचे गुडघे कसे आसतील?”

मी माझ्या गुडघ्यांकडं बघितलं.

“मी उभा राहून एक गुडघा धरून बसलोय, अन ती बिचारी दोन्ही पाय राबवायली,” बापू म्हणाले. त्यानंतर त्या आवाजाला त्यांनी डोळे मिटले नाहीत.

पाडव्याच्या चार दिवस आधी परीक्षा झाली. डॉक्टरबाईंनी पायवाल्या तबकड्यांतली तासाभराची सलग जुळणी करून पाठवली होती, मध्ये श्वासाइतकीही उसंत नाही अशी. अण्णासाहेब खुर्चीवर, मनगटावर घड्याळ. गल्ली आपापल्या उंबऱ्यांवर. योगीराजही आला होता. आपण कुणाची तरी जागा घ्यायला आलोय अशा चेहऱ्यानं मागं उभा होता. चतुराबाई चौकटीत बसल्या. दोन वाजता बापूंनी वाजवायला लावलं.

पहिली चोवीस मिनिटं सुरळीत गेली. तीसला बापूंच्या कपाळावर घाम आला. पस्तीसला धोतराची कड हलू लागली, वारा नव्हता. अडतीसला सगळ्यांनी एकमेकांकडं बघणं बंद केलं. चतुराबाई उठल्या आणि पुन्हा बसल्या. मोबाइल मात्र छातीशी जसाच्या तसा होता.

एकेचाळिसाव्या मिनिटाला बापूंनी मान वळवली आणि अण्णासाहेबांकडं बघितलं. अण्णासाहेब गडबडून उठले, एक चप्पल निघेना ती झटकली, पुढं झाले. बापू वाकले. दोन्ही हातांनी, जराही धक्का न लागता, वाजता हार्प त्यांच्या हातावर ठेवला आणि मगच खुर्ची धरली.

उरलेली एकोणीस मिनिटं अण्णासाहेब उभे राहिले. कायदा म्हणजे कायदा. तारा वाजत होत्या आणि बापू जमिनीकडं बघत होते.

संपल्यावर बापूच म्हणाले, “न्हाई जमलं आण्णा. योगीराजला द्या. पोरगं चांगलं हाय.” चतुराबाईंनी पदर तोंडाशी नेला.

अण्णासाहेब मोबाइल हातात घेऊन तसेच उभे. “मी गुडघ्याकडं बघत होतो,” ते म्हणाले. “मग हाताकडं बघायला लागलो. बापू, तुमचा पाय थरथरत होता, हात नाही. आणि मला भीती कशाची होती? वीणा पडण्याची. तुम्ही हट्ट करून एक मिनिट जरी जास्त उभे राहिला असता ना, तर मी आज नाव काढलं असतं.”

“पर तास न्हाई झाला.”

“नाही झाला. तासाचं मी उगाच म्हटलं होतं, शाळेची सवय. किती वेळ बिनघोर उभे राहता?”

बापूंनी प्रामाणिकपणे हिशेब केला. “पस्तीस मिन्टं.”

“मग पस्तीस.”

मागून योगीराज म्हणाला, “बापू, मी सव्वादोनलाच येऊन थांबत जाईन. तुमी निसती मान वळवा.”

पाडव्याला फळा लिहिला गेला. ‘दुपारी २ ते २.३५ चंद्रभान. २.३५ ते ४ योगीराज.’ बाजारच्या दिवशी येणारेजाणारे वाचून विचारायचे, “हा सप्ता हाय का पूर्ण्याच्या प्यासिंजरचा टाइम?” बापूंनी त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. सातही दिवस ते पावणेदोनला मंडपात हजर होते, आणि सातही दिवस दोन पस्तीसला, ना मिनिट मागं ना पुढं, वीणा योगीराजच्या गळ्यात गेली. शेवटच्या दिवशी काल्याचा प्रसाद घेऊन श्रद्धा डॉक्टर ओसरीवर आल्या, गुडघा दाबून बघितला आणि म्हणाल्या, आता माझं काम संपलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रसादाचं ताट परत द्यायला गेलो होतो. दोन वाजले. बापू सवयीनं उठले, पाय धुऊन आले, मोबाइल घेतला आणि तसेच थांबले.

“लावा की,” चतुराबाई म्हणाल्या. “कामून थांबलात?”

“आता कशाला? आता काय मोजायचंय?”

“मंग मोजू नका.”

बापूंनी थोडा विचार केला. मग बाजेवर बसले, पाय लांब केले, चोवीस मिनिटांची गत लावली आणि मोबाइल मांडीवर धरला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ते बसून ऐकत होते. चतुराबाई त्यांच्या पायथ्याशी टेकल्या. मीही ताट घेऊन उंबऱ्यावर बसलो. मागची वाद्यं बोलली, थांबली. बाईंनी तारांवरून हात फिरवला. ओसरीवर वडाच्या पानांतून आलेले कवडसे हलत होते.

संपलं, तेव्हा बापू चमकून उठून बसले. मोबाइल कानाशी नेऊन बघितला.

“संपलं बी? चोवीस मिन्टं झाली?” त्यांना पटेना. “येवढी लांब हुती ही गत! आज बाईनं घाई केली.”

“तिनं न्हाई घाई केली,” चतुराबाई म्हणाल्या. “आज तुमी बसलात.”

बापूंनी त्यांच्याकडं बघितलं, मग मोबाइलकडं.

“परत लावू का?” त्यांनी विचारलं.